परदेशात विमान भाड्याने घेताना: ॲपवरचा हिरवा ठिपका काय सांगत नाही

"शनिवारी विमान काढूया का?"

गेल्या वर्षी कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे न्यू जर्सीत होतो, तेव्हा आलेला हा मेसेज. पाठवणारा माझा इंजिनिअरिंगचा रूममेट. डिग्री मिळाल्यावर मी कोडिंगकडे वळलो आणि हा पठ्ठ्या पायलट झाला. त्याच्याकडे आपल्या डीजीसीएचं कमर्शियल लायसन्स आहे, एअरलाइनच्या नोकरीची वाट बघतोय, आणि त्या वेळी एडिसनला ताईकडे आला होता. सिंहगडावर जायला आपण बाइक काढतो, त्याच सुरात त्याने विमान 'काढलं' होतं.

मला वाटलं, गाडीसारखंच असेल. ॲप उघडायचं, तारीख टाकायची, लायसन्सचा फोटो अपलोड करायचा, किल्ली घ्यायची. शेवटची पायरी खरंच तशी असते. विमानालाही किल्ली असते, आणि ती आपल्या जुन्या कपाटाच्या किल्लीपेक्षा फार वेगळी दिसत नाही. पण तिथपर्यंत पोचायला मित्राला तीन महिने लागले होते.

भाड्याने मिळतं ते कुठलं विमान?

बहुतेक वेळा सेस्ना १७२. चार सीट, एक इंजिन, पंख डोक्यावर. १९५५ मध्ये हे मॉडेल पहिल्यांदा उडालं आणि आजपर्यंत ४४,०००हून जास्त बनली आहेत. जगात इतकी दुसऱ्या कुठल्याच विमानाची बनली नाहीत. फ्लाइंग क्लब आणि ट्रेनिंग स्कूल ती तासावर देतात. भाडं ढोबळमानाने तासाला १५० ते २२० डॉलर, आणि त्यात बहुतेक ठिकाणी पेट्रोल धरलेलं असतं. याला 'वेट' रेट म्हणतात. पेट्रोल वेगळं असेल तर 'ड्राय'.

तास मोजायला कॉकपिटमध्ये 'हॉब्स' नावाचं मीटर असतं. इंजिन सुरू झालं की ते पळायला लागतं आणि तासाचा दहावा भाग, म्हणजे सहा मिनिटं, हे त्याचं सगळ्यात छोटं माप. धावपट्टीच्या तोंडाशी रांगेत उभे असलात तरी मीटर चालूच. रिक्षाचं वेटिंग आठवा.

अमेरिकेत हे इतकं सर्रास चालतं याचं एक कारण म्हणजे तिथले विमानतळ. सर्वांसाठी खुले असे सुमारे ५,००० विमानतळ आहेत आणि कंट्रोल टॉवर त्यातल्या साधारण ५०० ठिकाणीच आहे. बाकी ठिकाणी पायलट एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर स्वतःच सांगतात की मी अमुक, इथे आहे, आता उतरतोय. कित्येक ठिकाणी रात्री धावपट्टीचे दिवेही पायलटच लावतो. रेडिओचं बटण पाच सेकंदांत तीन, पाच किंवा सात वेळा दाबायचं, तसा उजेड कमी-जास्त होतो. हे ऐकून माझ्यातला इंजिनिअर दोन मिनिटं गप्प बसला होता.

भारतातलं लायसन्स तिथे कसं चालतं?

थेट चालत नाही. तिथल्या एफएए या सरकारी संस्थेकडे आधी पडताळणीचा अर्ज करावा लागतो. एफएए डीजीसीएला विचारते की हे लायसन्स खरं आहे का, चालू आहे का, निलंबित वगैरे नाही ना. प्रवासाच्या निदान ९० दिवस आधी अर्ज करा असं एफएएच सांगते. उत्तर आलं की एक पत्र मिळतं. ते सहा महिने चालतं. ते घेऊन एफएएच्या स्थानिक कार्यालयात प्रत्यक्ष जायचं, ओळख पटवायची, इंग्रजी येतं हे दाखवायचं, मग तात्पुरतं सर्टिफिकेट हातात. बाहेरदेशचा पत्ता देणाऱ्यांना २०२५ पासून सरकारी कागदपत्रं स्वीकारण्यासाठी अमेरिकेतला एक एजंटही नेमावा लागतो.

आपण एखाद्या साइटवर वेगळं अकाउंट न काढता 'गूगलने लॉगिन करा' दाबतो ना, हा प्रकार तसाच आहे. मिळालेलं अमेरिकन सर्टिफिकेट स्वतःच्या पायावर उभं नसतं. त्यावर मूळ भारतीय लायसन्सचा नंबर छापलेला असतो आणि ते लायसन्स सोबत असेल तरच हे वैध. तिकडचं निलंबित झालं की इकडचंही गेलं. शिवाय मित्राचं इथलं लायसन्स कमर्शियल असलं तरी तिथे मिळालं ते प्रायव्हेटच. म्हणजे स्वतः उडा, मित्रांना न्या, पण पैसे कमवू नका.

एवढं झाल्यावरही एफएएच्या इन्स्ट्रक्टरसोबत 'फ्लाइट रिव्ह्यू' लागतो. किमान एक तास जमिनीवर, एक तास हवेत. क्लब त्यालाच जोडून आपली वेगळी परीक्षा घेतो. इंजिन बंद पडल्याचं नाटक, विमान मुद्दाम स्टॉल करणं, मग लँडिंगवर लँडिंग. मित्राला उडण्यापेक्षा जमिनीवरचा तास जड गेला. आपल्याकडे हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये सांगतात, तिथे पाऱ्याच्या इंचांमध्ये. १०१३ ऐवजी २९.९२. उंचीमापक याच आकड्यावर लावतात, त्यामुळे इथला गोंधळ स्क्रीनवर नाही, डोंगरावर दिसतो.

आणि प्रवासी न्यायचे असतील तर गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेले हवेत. त्याने ते शुक्रवारी संध्याकाळी इन्स्ट्रक्टरसोबत पूर्ण केले.

चार सीट म्हणजे चार माणसं नव्हे

ताई आणि भावोजीही येणार होते. मित्राने फोनवर कॅल्क्युलेटर उघडला आणि सगळ्यांना वजन विचारायला सुरुवात केली. ताईने सांगितलं त्यात त्याने गुपचूप चार किलो वाढवले.

त्या विमानाची वजन उचलायची क्षमता, म्हणजे माणसं, सामान आणि पेट्रोल मिळून, होती ८६० पाउंड. टाकी भरलेली: वापरता येणारं पेट्रोल ५३ गॅलन, गॅलनला सहा पाउंड, म्हणजे ३१८ पाउंड. उरले ५४२, म्हणजे २४६ किलो. आम्ही चौघं २९३ किलो. पेट्रोल कमी केलं असतं तर जमलं असतं, कारण आम्हाला जेमतेम दीड तास उडायचं होतं. पण क्लबची विमानं बऱ्याचदा टाकी भरूनच उभी असतात आणि भरलेलं पेट्रोल काढणं हे स्कूटरला नळी लावण्याइतकं सोपं नसतं. भावोजी उतरले. ताई म्हणाली, "मग मीही खालूनच बरी."

यात नुसतं एकूण वजन नाही, ते कुठे बसलंय हेही मोजतात. मागे जास्त भार गेला की नाक उचललं जातं आणि विमान सावरणं अवघड होतं. आजकाल ॲप हे सगळं आलेखावर दाखवतं, पण खरी वजनं टाकली तरच.

कॉकपिटमध्ये फोन आणि टॅब्लेट काय करतात

अमेरिकेत छोट्या विमानांचे बहुतेक पायलट फोरफ्लाइट किंवा गार्मिन पायलट वापरतात. फोरफ्लाइट ॲपलच्या डिव्हाइसवरच चालतं. अँड्रॉइडवाल्यांसाठी गार्मिन पायलट आहे. त्यात नकाशे, विमानतळांची माहिती, हवामान, बंदी असलेले भाग, वजनाचं गणित, सगळं असतं. राष्ट्राध्यक्ष गावात आले की आसपासचं आकाश तेवढ्यापुरतं बंद होतं. ती बंदीही नकाशावर लाल गोलात दिसते.

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो: वर नेटवर्क नसतं, मग नकाशा चालतो कसा? जीपीएसला मोबाइल नेटवर्क लागत नाही. फोन उपग्रहांचे सिग्नल फक्त ऐकतो आणि त्यावरून जागा काढतो. नेटवर्क लागतं ते नकाशा डाउनलोड करायला, म्हणून तो आदल्या रात्री वायफायवर उतरवून ठेवायचा. हवेत मोबाइल नेटवर्क वापरायला तर अमेरिकन नियमांची बंदीच आहे. उंचीवरच्या फोनला एकाच वेळी खूप टॉवर दिसतात आणि जमिनीवरच्या नेटवर्कचा घोळ होतो. एअरप्लेन मोड टाका, मग वायफाय, ब्लूटूथ आणि जीपीएस चालू करा.

मग वर हवामान कुठून येतं? एडीएस-बी नावाच्या व्यवस्थेतून. १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेत मोठ्या विमानतळांभोवतीच्या आणि इतर ठरावीक हवाई क्षेत्रांत विमानाने आपली जागा साधारण दर सेकंदाला रेडिओवर सांगणं बंधनकारक आहे. फ्लाइटरडार२४ वर तुम्हाला विमानं दिसतात ती मुख्यतः याच सिग्नलमुळे. शिवाय जमिनीवरची केंद्रं हवामान आणि आसपासच्या विमानांची माहिती फुकट प्रसारित करतात. मुठीएवढा रिसीव्हर खिडकीत लावला की ती वायफायने टॅब्लेटवर येते.

इथे एक सापळा आहे. त्या नकाशावरचं पावसाचं रडार लाइव्ह दिसतं, पण नसतं. वेगवेगळ्या रडारची चित्रं जोडायला वेळ लागतो. स्क्रीनवर 'एक मिनिटापूर्वीचं' लिहिलेलं असलं तरी आतली माहिती १५-२० मिनिटं शिळी असू शकते, असा इशारा अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने, एनटीएसबीने, २०१२ मध्येच दिला होता. वादळ तेवढ्या वेळात कितीतरी मैल सरकतं. म्हणून ते रडार बघून वादळाला लांबून वळसा घालायचा. दोन ढगांमधली फट शोधायला ते वापरायचं नाही. आपल्या क्षेत्रातले लोक कॅशेवर किती बग काढतात ते आठवा. इथे तोच बग माणूस आत बसलेला असताना भेटतो.

आणि हो, आयपॅड तापतो. ॲपलने ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगितलंय. उन्हाळ्यात काचेखाली ठेवलेला टॅब्लेट तापमानाची सूचना दाखवून बंद पडतो, तोही उतरायच्या वेळी. मित्राने फोनवरही सगळे नकाशे ठेवले होते आणि एक कागदी नकाशाही सोबत होता. मी हसलो होतो.

शनिवार

दहाचं बुकिंग होतं. आकाश निळंशार. मी सकाळपासून ॲप बघत होतो. आमच्या विमानतळावर हिरवा ठिपका, आसपासच्या सगळ्या विमानतळांवर हिरवा ठिपका. मित्र मात्र पार्किंगमध्ये उभा राहून वाऱ्याची पिशवी बघत होता.

"नाही जमणार आज," तो म्हणाला.

"अरे, हिरवं दाखवतंय की!"

मग त्याने मला तो ठिपका समजावला. हिरवा म्हणजे दिसतं पाच मैलांपेक्षा जास्त आणि ढगांचा थर ३,००० फुटांपेक्षा वर. बस्स. निळा, लाल, जांभळा हेसुद्धा याच दोन गोष्टींचे रंग. वाऱ्याबद्दल तो ठिपका चकार शब्द काढत नाही. त्या दिवशी वारा १६ नॉट होता, झोत २४ नॉटचे, आणि दिशा धावपट्टीशी ६० अंशांत. शाळेतलं त्रिकोणमितीच आहे: २४ गुणिले साइन ६०, म्हणजे जवळपास २१ नॉट आडवा वारा. सेस्ना १७२च्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा जो आकडा दिलाय तो १५. ती कायद्याची मर्यादा नाही, कंपनीने चाचणीत दाखवलेला आकडा आहे. म्हणजे २१ मध्येही कुणी उतरवेल. पण नवा देश, नवं विमान, नवी धावपट्टी आणि शेजारी मी.

मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. म्हणालो, "पुढच्या शुक्रवारी मी परत चाललोय. हाच वीकेंड आहे. जरा थांबून बघू ना, कमी होईल वारा." ताईने डबा केला होता, भावोजींनी त्यांचा शनिवार मोडला होता, आणि याने लायसन्ससाठी तीन महिने घातले होते. हे सगळं मी त्याच्या डोक्यावर एका वाक्यात ठेवलं. त्याने वाद घातला नाही. आत जाऊन काउंटरवर बुकिंग रविवारी सकाळी सातवर नेलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "डबा कुठे खायचा?" काउंटरवरच्या माणसाने कारणही विचारलं नव्हतं म्हणे. वाऱ्यामुळे रद्द केलं तर क्लबने पैसेही घेतले नाहीत. तुम्ही कुठे विमान घेणार असाल, तर भाड्याच्या आधी हे विचारा. हवामानामुळे रद्द केल्यावर दंड लागत असेल, तर तो दंडही पार्किंगमध्ये तुमच्या शेजारी उभा राहून माझ्यासारखाच बोलतो.

रविवार, हडसन

सकाळी सातला वाऱ्याची पिशवी काठीला चिकटून लोंबत होती.

न्यूयॉर्कच्या तिन्ही मोठ्या विमानतळांचं आकाश एकमेकांत गुंतलेलं आहे, पण हडसन नदीवर १,३०० फुटांच्या खाली एक बोळ मोकळा सोडलाय. तिथे कंट्रोलरशी बोलावं लागत नाही. सगळे १२३.०५ या फ्रिक्वेन्सीवर आपापली जागा सांगतात: स्वातंत्र्यदेवी, इन्ट्रेपिड ही संग्रहालय झालेली युद्धनौका, जॉर्ज वॉशिंग्टन पूल. उत्तरेला जाणारे मॅनहॅटनच्या काठाने, दक्षिणेला जाणारे न्यू जर्सीच्या काठाने. वेग १४० नॉटच्या आत, दिवे चालू. थेट पार जाणाऱ्यांनी १,००० फुटांच्या वर राहायचं, रेंगाळणाऱ्यांनी खाली. वन वर्ल्ड ट्रेड सेंटर १,७७६ फूट आहे. विमानात बसून इमारतीकडे मान वर करून बघायला लागतं हे मी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवलं.

हे नियम आज सक्तीचे आहेत त्याला कारण आहे. ८ ऑगस्ट २००९ला याच नदीवर एक छोटं पायपर विमान आणि पर्यटकांचं हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळले. नऊ जण गेले. त्याआधी यातलं बरंचसं फक्त शिफारस म्हणून होतं. तपासात दोन गोष्टी पुढे आल्या, त्या फोन हातात घेऊन हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाने वाचाव्यात. टेटरबरो टॉवरचा कंट्रोलर त्या वेळी कामाशी संबंध नसलेल्या फोनवर बोलत होता. आणि दोन्ही कॉकपिटमध्ये आसपासची विमानं दाखवणारी यंत्रणा होती, पण दोन्ही पायलटना तिचा नीट उपयोग करता आला नाही.

मित्राने मला आधीच काम दिलं होतं: फोटो नंतर, आधी बाहेर बघ. विमान, हेलिकॉप्टर, काहीही दिसलं की घड्याळाच्या काट्यांनी सांग. "दोन वाजता, थोडं खाली, हेलिकॉप्टर," मी म्हणालो तेव्हा टॅब्लेटवर ते आलेलं होतं. त्यानंतर "अकरा वाजता" दिसलेलं मात्र टॅब्लेटवर नव्हतं. ते का नव्हतं याचा विचार करायला तिथे वेळ नसतो. आम्ही उजव्या काठाला अजून सरकलो आणि ते नदीच्या पलीकडून निघून गेलं. परत येईपर्यंत मी फक्त चार फोटो काढले होते. त्यातल्या दोनांत पंखाचा आधार आलाय.

खाली ताई फ्लाइटरडारवर आमचं छोटं पिवळं विमान बघत बसली होती. एका वळणावर ते थोडा वेळ स्क्रीनवरून गायब झालं, तेव्हा तिने मला अकरा मेसेज केले. माझा फोन एअरप्लेन मोडवर.

लायसन्स नसेल तर?

'डिस्कव्हरी फ्लाइट' घ्या. इन्स्ट्रक्टर शेजारी बसतो, थोडा वेळ कंट्रोल तुमच्या हातात देतो. अशा ओळख करून देणाऱ्या उड्डाणाला परदेशी पर्यटकालाही सुरक्षा विभागाची वेगळी परवानगी लागत नाही. लायसन्ससाठी प्रशिक्षण सुरू करायचं तर मात्र ती लागते, आणि पर्यटक व्हिसावर तो कोर्स करता येत नाही.

विम्याकडे बघायला विसरू नका. बऱ्याच प्रवास विम्यांत विमान कंपनीचा तिकीटधारी प्रवासी सोडून इतर उड्डाणं वगळलेली असतात, बारीक अक्षरात. पायलटचं प्रकरण आणखी वेगळं आहे. क्लबचा विमा क्लबला भरपाई देतो आणि मग विमा कंपनी ते पैसे भाडेकरूकडून वसूल करायला येऊ शकते. त्यासाठी भाड्याने उडणाऱ्यांचा स्वतंत्र विमा मिळतो. मित्राने तो घेतला होता.

आणि बिल

तुमच्या डोक्यात आलंच असेल: पायलटकडे रिकाम्या सीट आहेत, लोकांना फिरायचंय, ॲप बनवा की! बनवलं होतं. फ्लायटेनाऊ नावाच्या अमेरिकन साइटने हेच केलं. एफएएने विरोध केला आणि २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने एफएएची बाजू घेतली. अनोळखी लोकांसमोर सीट मांडल्या की ती विमान कंपनी झाली, मग नियमही विमान कंपनीचे. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये प्रकरण ऐकायला नकार दिला. युरोपात नियम वेगळे. पायलट धरून सहा जणांपर्यंत थेट खर्च वाटून घेता येतो, म्हणून तिथे विंगली हे ॲप राजरोस चालतं. कोड जवळपास तोच, फक्त देश बदलला.

मित्रांमध्ये खर्च वाटणं मात्र अमेरिकेतही चालतं. अट एवढीच की भाडं, पेट्रोल आणि विमानतळाचा खर्च यातला आपला समान वाटा पायलटने भरलाच पाहिजे. त्याहून कमी भरला तर ती कमाई धरतात.

आमचं हॉब्स १.४ तास झालं. तासाला १८५ डॉलर, म्हणजे २५९. मी त्याला ट्रीट म्हणून जास्त द्यायला निघालो होतो, त्याने हात धरला. मग स्प्लिटवाइजवर त्याचे १३० आणि माझे १२९ असं टाकलं, आणि नाश्त्याचं बिल मी भरलं.